घरचा छापखाना

वृद्ध पित्यासाठी एखादी वस्तू विकत घेताना पुत्र पुष्कळदा ती स्वतःसाठीच घेत असतो. आणि हे त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण पैसा आपला, हेतू निर्मळ आणि वापरणारा दुसरा असल्यामुळे आपली निवड सर्वस्वी निःस्वार्थ आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. घरगुती प्रिंटरच्या खरेदीत हा प्रमाद विशेष उघडा पडतो. मोबाइलवरून छपाई होते का, रंगीत छायाचित्रे कशी उमटतात, मिनिटाला किती पाने निघतात, असे प्रश्न तो दुकानदाराला विचारतो. आणि ज्याच्या टेबलावर हे यंत्र विराजमान व्हायचे असते त्या गृहस्थाला महिन्याकाठी वीस-तीस काळी पाने हवी असतात, ती मिनिटाऐवजी तासाभरात निघाली तरी त्याची तक्रार नसते, फक्त ती कोणाला हाक न मारता निघावीत एवढीच त्याची अट असते.

पुणे हे सेवानिवृत्तांचे शहर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते, आणि सेवानिवृत्ताचे आयुष्य कागदावाचून पुढे सरकत नाही. ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेला द्यायचा अर्ज, महापालिकेच्या मिळकतकराची पावती, गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना, प्रयोगशाळेने व्हॉट्सॲपवर धाडलेला आणि डॉक्टरांनी मात्र हातात मागितलेला रक्ततपासणीचा अहवाल, चार वेळा बदललेला मृत्युपत्राचा मसुदा, ही यादी कोणत्याही पेठेत वा उपनगरात थोड्याफार फरकाने हीच निघेल. नोव्हेंबर आला की तिच्यात हयातीच्या दाखल्याची भर पडते. सरकारने 10 नोव्हेंबर 2014 रोजी 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था सुरू केली, 2021 पासून मोबाइलसमोर नुसता चेहरा धरून आपण जिवंत असल्याचे शाबीत करण्याची सोयही झाली, आणि त्यामुळे बँकेत कागद रुजू करण्याचे कारण तत्त्वतः उरले नाही. तरीही ते प्रमाणपत्र छापून, त्यावर तारीख टाकून, फायलीत लावल्यावाचून अनेक वडीलधाऱ्यांना चैन पडत नाही.

या कागदप्रीतीला जुनाट सवय म्हणून हसण्यापूर्वी जरा थांबावे. जिच्या उमेदीची वर्षे अर्ज, नक्कल, शिक्का आणि पोच यांच्या अमलाखाली गेली, त्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे की कचेरीत माणसाचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्याचा कागद तेवढा वाचला जातो; आणि आज या पडद्यावर दिसणारी गोष्ट उद्या दुसऱ्या पडद्यावर दिसेलच, असा जामीन तिला कोणी दिलेला नाही. शिवाय जेथे पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत, त्या गावाला कागदाचे माहात्म्य निराळे सांगायला नको. त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड 1930 ते 1934 या अल्प काळात संपादून प्रसिद्ध करणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, साठी उलटलेले गृहस्थ होते. सगळेच निवृत्त लोक रियासतकार होत नाहीत (घरच्या माणसांच्या दृष्टीने ते एकपरीने बरेच म्हणायचे), परंतु घराण्याची वंशावळ, नोकरीतील आठवणी, किंवा संस्थेच्या कारभारावरील आक्षेपांचे सातपानी निवेदन हातावेगळे करण्याची ऊर्मी अनेकांना नेमकी त्याच वयात येते, आणि ती लिखाणे छापून, लाल शाईने दुरुस्त करून, पुन्हा छापायची असतात. आईची निकड वेगळी असते. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो स्त्रिया अथर्वशीर्षाचे सामुदायिक पठण करतात. त्यांपैकी जिची दृष्टी मंदावली आहे तिला मोबाइलवरची बारीक अक्षरे निरुपयोगी, पण तोच मजकूर अठरा पॉइंटांच्या टपोऱ्या अक्षरांत दोन कागदांवर मिळाला तर चष्मा वरखाली करण्याची यातायात वाचते.

आता जमाखर्चाकडे वळले की एक गैरसोयीचे सत्य समोर येते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पानाला दोन रुपये दराने महिन्याला तीस पाने काढली, तर वर्षाचे सातशेवीस रुपये होतात. पंधरा हजारांचे यंत्र घेतले तर, कागद, शाई आणि वीज फुकट मिळते असे मानले तरी, त्याची किंमत वसूल व्हायला वीसहून अधिक वर्षे लागतील. ऐंशीच्या घरातल्या माणसासमोर हा हिशेब मोठ्याने मांडू नये हे उत्तम. शिवाय त्या दुकानापर्यंतचे चालणे, तेथे भेटणारे परिचित, दुकानातल्या मुलाने 'काका, बसा' म्हणून पुढे केलेले स्टूल, यांची किंमत कोणत्याच खतावणीत चढत नाही. ज्याचे पाय धड आहेत आणि ज्याला माणसांची हौस आहे त्याच्या घरी प्रिंटर आणून आपण त्याची फेरी बंद करतो, हाही विचार मनात यावा. म्हणून यंत्राचे समर्थन काटकसरीच्या आधारावर करू नये. गुडघे दुखत असताना, पावसाची झड लागलेली असताना, रात्री साडेनऊला उद्याच्या तपासणीचे कागद हवे असताना, आणि विशेषतः मृत्युपत्र किंवा बँकेचे उतारे परक्याच्या संगणकावर उघडण्याचा संकोच वाटत असताना, दुकान उपयोगाचे नसते. प्रिंटर घ्यायचा तो या प्रसंगांसाठी, आणि हे प्रसंग तुरळक असतात.

हा तुरळकपणाच निवडीची खरी कसोटी होय. शाईच्या कार्ट्रिजवर चालणारे यंत्र दुकानात सर्वांत स्वस्त दिसते. पण द्रवरूप शाई केसाहून सूक्ष्म छिद्रांतून कागदावर फेकण्याची त्याची रीत असल्यामुळे, महिना-दोन महिने ते स्वस्थ बसले की छिद्रांतली शाई, उघड्या राहिलेल्या दौतीप्रमाणे, सुकून बसते, आणि मग ती मोकळी करण्यासाठी यंत्र स्वतःच आणखी शाई खर्ची घालते. मोठ्या टाक्यांचे, बाटलीने शाई भरायचे यंत्र दर पानाच्या हिशेबात अतिशय स्वस्त पडते, आणि शाळकरी नातवंडे असलेल्या घरात त्याच्यासारखे दुसरे नाही. पण सुकण्याचा दोष त्यालाही चुकत नाही, आणि आठवड्याला एखादे रंगीत पान नुसते यंत्राच्या तब्येतीसाठी काढावे लागते. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनरची कोरडी भुकटी असते, ती सहा महिने पडून राहिली तरी सुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची किंमत सुरुवातीला अधिक, आणि साध्या यंत्रात रंग एकच, तो काळा. वृद्धांच्या कागदांना रंगाची गरज जवळजवळ कधीच नसते. नातवाचे छायाचित्र भिंतीवर लावायचे असेल तर ते छायाचित्रकाराच्या दुकानातूनच करून आणावे.

या कोरड्या भुकटीचा इतिहास प्रस्तुत विषयाला चांगलाच लागू पडतो. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणारा मनुष्य. उतारे आणि आकृत्या हाताने पुनःपुन्हा नकलून काढणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग, दृष्टी अधू, आणि त्यात संधिवात. नक्कल करण्याच्या या जाचातून सुटण्यासाठी त्याने अॅस्टोरिया येथील एका खोलीत खटपट आरंभली, आणि 22 ऑक्टोबर 1938 रोजी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर रुमाल घासून, विद्युत्भार आणून, वर भुकटी भुरभुरून, त्या दिवसाची तारीख आणि गावाचे नाव मेणकागदावर उमटवून दाखवले. त्या प्रयोगाला बाजारात यशस्वी यंत्राचे रूप यायला 1959 साल उजाडावे लागले, आणि पुढे 1971 च्या सुमारास गॅरी स्टार्कवेदर याने त्याच तत्त्वाला लेझर किरणाची जोड दिली. ज्या यंत्राचा उगम दुखऱ्या बोटांत आणि क्षीण दृष्टीत आहे, त्याचे आजचे वंशज मात्र नखाएवढ्या पडद्यावर इंग्रजी सूचना दाखवतात आणि काय बिघडले हे नारिंगी दिव्याच्या उघडझापीवरून ओळखा म्हणतात, हा विपर्यास रचनाकारांच्या ध्यानात कसा आला नाही कोण जाणे.

म्हणून माझ्या मते या खरेदीत निर्णायक बाब यंत्राचा प्रकार किंवा किंमत ही नसून मुखत्यारी ही आहे. ज्या यंत्राला चालू होण्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडावे लागते, ज्याचा सांकेतिक शब्द मुलाच्या मोबाइलमध्ये असतो, आणि इंटरनेटचे यंत्र बदलले की जे घरातल्या घरात हरवते, ते वडिलांच्या टेबलावर असले तरी मुलाच्याच ताब्यात असते. आणि जो माणूस चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारत आला त्याला एक पान काढण्यासाठी बाणेरला किंवा बोस्टनला फोन करावा लागणे, यात जी बारीकशी मानहानी आहे ती तो बोलून दाखवत नाही, तो फक्त पान काढणे सोडून देतो. यंत्र पडून राहते, आणि बाबांना नव्या गोष्टींची आवड नाही असा निष्कर्ष आपण काढतो. याउलट वरती काच असलेले, संगणकाला साध्या वायरने जोडलेले, आणि नक्कल काढण्यासाठी स्वतंत्र ठसठशीत बटण असलेले यंत्र संगणक बंद असतानाही त्यांची आज्ञा पाळते. काही यंत्रांत ओळखपत्राच्या नकलेसाठी वेगळे बटण असते. आधार कार्डाची एक बाजू, मग दुसरी बाजू काचेवर ठेवली की दोन्ही एकाच पानावर उतरतात. मिनिटाला पाने किती, यापेक्षा हे एक बटण आहे की नाही याची चौकशी शंभरपटीने अधिक मोलाची आहे. वाय-फाय असल्यास असो, वायरची सोय मात्र हवीच.

तेव्हा दुकानात त्यांना बरोबर न्यावे, आणि कागदाचा खण ओढणे, झाकण उघडणे, अडकलेला कागद मागून काढणे, हे सर्व त्यांच्याच हाताने करवून पाहावे. विक्रेता घाई करील, करू द्यावी. ते टोनरची किंमत आधी विचारतील, आणि ते रास्तच आहे, कारण नव्या यंत्रासोबत येणारा टोनर अनेकदा अर्धवट भरलेला असतो, आणि डब्यावर छापलेली पानांची संख्या पानाचा सुमारे पाच टक्केच भाग काळा होतो असे धरून दिलेली असते. आईची ठळक अक्षरांची स्तोत्रे त्या हिशेबात बसत नाहीत. लेझर यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये, कागद तापवताना ते क्षणभर पुष्कळ वीज ओढते. पावसाळ्यात पाचशे कागदांचे रीम उघडे टाकू नये, दमट कागद वाकतो आणि आत अडकतो. आणि वापराचा क्रम वडिलांना स्वतःच्या अक्षरात लिहून यंत्राच्या झाकणावर चिकटवू द्यावा. त्यात 'मुख्य खटका खाली' येथपासून सुरुवात असेल आणि एकूण कलमे चौदा होतील, तरी चालेल.