पाया बदलला तर सत्य बदलते का?

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. 14 पासून 19, 15 पासून 21. मधली 20 मात्र कुणापासूनच जन्मत नाही. अशा संख्यांना स्वयंभू म्हणतात. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (1905–1986) यांनी त्यांचा अभ्यास मांडला. आता दहाऐवजी आठच्या पायात मोजू. तिथे सतरा ही संख्या 21 अशी लिहितात, अंकांची बेरीज तीन, आणि सतरा अधिक तीन म्हणजे वीस. दशमानातल्या स्वयंभू विसाला इथे जन्मदाता मिळाला! मग तिचे स्वयंभूपण खरे होते की दहा बोटांनी घडवलेला भास? अद्वैती म्हणेल, जे पुढे बाधित होते ते परमार्थ नव्हे. पण बाध व्हायला एकाच गोष्टीविषयी दोन परस्परविरोधी दावे लागतात, आणि इथे तसे दोन दावे नाहीत. ‘दशमानात वीस स्वयंभू आहे’ हे विधान आठच्या पायात मोजणारालाही पडताळता येते आणि मान्यच करावे लागते. जैनांचा स्याद्वाद मला इथे जास्त जवळचा वाटतो. विधान कोणत्या अपेक्षेने केले ते सांगितले, तर त्याचे सत्य उणे होत नाही, उलट पुरे होते. पाया आपण निवडतो. निवडल्यावर विसाचे काय होणार हे आपल्या हाती राहत नाही.

अंकांच्या अशा नवलांवरचा वजनदार आक्षेप गणितज्ञ हार्डी यांचा. 8712 आणि 9801 या संख्या स्वतःच्याच उलट लिहिलेल्या रूपाच्या पटीत येतात, हे 1940 च्या पुस्तकात नोंदवून त्यांनी त्यात गणितज्ञाला भावण्याजोगे काही नाही असे ठरवले. सुट्या नवलांपुरते ते मला पटते. पण पाया हलवून पाहिला की नवलाच्या मागचे कारण दिसू लागते. पाया विषम असला तर त्याचे सगळे घात विषम, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. त्यांची बेरीज नेहमी समच येणार. म्हणजे तीन, पाच, सात, कोणताही विषम पाया घ्या, प्रत्येक विषम संख्या तिथे स्वयंभू असते. दशमानात 10 पासून 11 जन्मू शकते ते दहा सम आहे म्हणूनच. हा नियम एकाच वेळी सगळ्या विषम पायांविषयी बोलतो, आणि आपल्याला बोटे किती आहेत याच्याशी त्याचा काही संबंध नाही.