एलिझाबेथला डार्सी काय म्हणेल?

इंग्रजीतलं ‘यू’ तू, तुम्ही, आपण, अगं, अहो अशी सगळी कामं एकट्यानं उरकतं. स्पॅनिशमध्ये मात्र समोरच्याला ‘तू’ म्हणायचं की ‘उस्तेद’, हे तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘वोस’ही आहे, पण तो फाटा इथे नको. वैदेही माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्पॅनिश शिकवते. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. वाद पेटला तो जेन ऑस्टिनच्या १८१३ मधल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीच्या स्पॅनिश भाषांतरावरून.

मी : यात पेच कसला? परका आणि मानाचा तो उस्तेद, जवळचा तो तू. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

वैदेही : म्हणूनच मराठी माणूस फसतो, सर. उच्चारही तोच, ‘तू’. कानाला घरचं वाटतं. पण माद्रिदला दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला खुशाल तू म्हणतो, आणि बोगोटात कित्येक नवराबायको एकमेकांना उस्तेद म्हणतात.

मी : आजचं सोड. दोनशे वर्षांपूर्वीची माणसं आहेत ती. डार्सी आणि एलिझाबेथ एकमेकांना उस्तेद म्हणतील, लग्न ठरलं की तू. झालं.

वैदेही : कुठल्या वाक्यापासून?

मी : म्हणजे?

वैदेही : म्हणजे एक वाक्य उस्तेदमधलं शेवटचं असेल आणि त्याच्या पुढचं तूमधलं पहिलं. ते कुठलं? ऑस्टिननं तसं काही लिहिलेलं नाही. तिची ही दोघं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकांना ‘यू’च म्हणतात. तुम्ही जिथे बदल कराल तिथे एक प्रसंग घडेल, आणि तो तुम्ही लिहिलेला असेल.

मी : खूण तिनंच ठेवलीय. दुसऱ्यांदा मागणी घालतो, तेव्हा डार्सी तिला नुसतं ‘एलिझाबेथ’ म्हणतो. तोवर ‘मिस बेनेट’ चाललेलं असतं.

वैदेही : आणि ती? ती त्याला कधी नावानं हाक मारते? शोधून दाखवा. मग तो तू म्हणणार आणि ती उस्तेद?

मी : मराठीत तेच झालं असतं. तो ‘अगं’, ती ‘अहो’.

वैदेही : मराठीत ते खपलं असतं, कारण आपल्या आज्यांनी तसेच संसार केले. पण डार्सीच्या मावशीला, लेडी कॅथरीनला, तोंडावर उत्तर देणारी ही बाई लग्न ठरताच ‘अहो’वर आली, हे मराठी वाचकाला खटकणारसुद्धा नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.

मी : मग सर्वनामच गाळ. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळला तरी चालतो.

वैदेही : कर्ता गाळाल, क्रियापदाचं काय? तूला ‘किएरेस’, उस्तेदला ‘किएरे’. शेवटच्या एका ‘स’मध्ये सगळं नातं उघडं पडतं. सूचनेच्या पाटीवर ‘थुंकू नये’ लिहून सुटता येतं, मागणी घालताना नाही सुटता येत. उलट उस्तेदमध्ये घोळ वाढतो. ‘ला आमो’ म्हणजे ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’, आणि ‘माझं तिच्यावर प्रेम आहे’ हेही. मागे ‘आ उस्तेद’ जोडलं की घोळ मिटतो, पण वाक्याला अर्जाची कळा येते.

मी : डार्सीची पहिली मागणी अर्जासारखीच आहे.

वैदेही : हे मात्र मान्य. हन्सफर्डच्या त्या खोलीत तो प्रेमही सांगतो आणि तुमचं घराणं कसं हलकं, हेही सांगतो. मला तिथे तू घालायचा फार मोह होतो. जवळच्या माणसाला म्हणायचं तू आणि नोकराला म्हणायचं तू, एकाच शब्दात दोन्ही. त्याच्या मनात त्या क्षणी दोन्ही आहेत.

मी : त्या काळचा खानदानी गृहस्थ परक्या मुलीला तू म्हणेल?

वैदेही : नाही म्हणणार. म्हणून मोह म्हटलं.

मी : तुझं सगळं अडतं कुठे सांगू? तू ऑस्टिनला सोवळ्यात ठेवतेस. भाषा बदलली की नव्या भाषेची सक्ती येणारच. भाषांतरकारानं ठरवावं आणि मग कच खाऊ नये.

वैदेही : ठरवावं की. फक्त ‘भाषेनं भाग पाडलं’ म्हणून हात झटकू नयेत. दोनातलं एक घ्या, एवढंच भाषेनं सांगितलं. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत. आणि हिशेब डार्सीपासून सुरूच होत नाही, पहिल्याच प्रकरणात होतो. एलिझाबेथच्या आईबापांच्या, म्हणजे बेनेट नवराबायकोंच्या, लग्नाला तेवीस वर्षं झालीत, तरी ती त्याला ‘मिस्टर बेनेट’ म्हणते. त्यांना तू दिलंत, की नवराबायकोत तू असतंच असं वाचक धरून चालतो. मग शेवटी डार्सीच्या तूला काही किंमत उरत नाही. त्यांना उस्तेद दिलंत, तर डार्सीचं एक तू सबंध घराच्या रीतीविरुद्ध जातं. पहिल्या पानावर खर्च केलेलं अठ्ठावन्नाव्या प्रकरणात परत मिळत नाही.

मी : वाचक इतकं मोजत नाही.

वैदेही : सर, आत्ता तुम्ही मला तू म्हणताय आणि मी तुम्हाला तुम्ही. हेच बोलणं इंग्रजीत नेलं तर दोघंही ‘यू’. वाचणाऱ्याला वाटेल, दोन बरोबरीची माणसं भांडतायत. तो मोजत नाही म्हणून फरक पडला नाही का?

हे मी ऐकून घेतलं आणि हेमिंग्वेकडे वळलो.

मी : त्यानं उलटी वाट धरली. ‘फॉर हूम द बेल टोल्स’, १९४०. सेगोव्हियाजवळच्या डोंगरातले गनिमी लढवय्ये स्पॅनिश बोलतायत हे इंग्रजीत कळावं, म्हणून त्यानं ‘तू’साठीचं, वापरातून गेलेलं ‘दाऊ’ उकरून काढलं. म्हणजे इंग्रजीतही तू-तुम्ही करता येतं.

वैदेही : येतं, पण कानावर काय पडतं? इंग्रजी वाचकाला बायबल आणि शेक्सपिअर ऐकू येतात. त्या डोंगरातल्या माणसांच्या तोंडी ते रोजचं बोलणं होतं. आणि तीच कादंबरी स्पॅनिशमध्ये परत नेली, की ‘दाऊ’चं साधं तू होतं. ज्या विचित्रपणासाठी त्यानं एवढा आटापिटा केला, तो वाफ होऊन जातो.

मी : विचित्रपणा मुद्दाम होता असं धरलंस तर. मला ते नुसतं अवघडलेलं इंग्रजी वाटतं. ते राहू दे. त्याच स्पॅनिश यादवी युद्धातलं ऑर्वेलचं बघ. डिसेंबर १९३६ मध्ये तो बार्सिलोनात पोचला, तेव्हा लोकांनी ‘सेन्योर’ सोडलं होतं, ‘दोन’ ही उपाधी सोडली होती, उस्तेदही सोडलं होतं. जो तो कॉम्रेड आणि तू. म्हणजे सर्वनामात राजकारण असतं आणि भाषांतरकाराला बाजू घ्यावीच लागते. माझंच म्हणणं झालं.

वैदेही : तुमचं कसं? इंग्रजांना हे सांगताना त्यालाही ‘दाऊ’च लिहावं लागलं. समता आली हे सांगायला चालू इंग्रजीत शब्द शिल्लक नव्हता.

मी : कारण इंग्रजीत ती आधीच आली होती. सगळेच ‘यू’.

वैदेही : ‘यू’ मुळात अनेकवचन, म्हणून मानाचं. इंग्रजीनं सगळ्यांना तू नाही केलं, तुम्ही केलं. बार्सिलोनानं सगळ्यांना तू केलं. दोन्हीला समताच म्हणायचं?

मी : सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचे आणि त्यापायी मार खायचे. त्यांना विचारलं असतंस तर त्यांनी बार्सिलोनाच्या बाजूनं कौल दिला असता.

वैदेही : आणि ऑस्टिननं?

मी : तिनं उत्तरच दिलं नसतं. पण तुझ्या पहिल्या प्रकरणासाठी मला तोड सुचलीय. मिसेस बेनेट नवऱ्याला तू म्हणेल, उतावळेपणानं. आणि तो तिला उस्तेद म्हणेल, चेष्टेनं. त्याचा सगळा तिरकसपणा त्या उस्तेदमध्ये बसतो.

वैदेही : हे ऑस्टिननं लिहिलंय?

मी : नाही. पण वाचायला आवडेल की नाही?

वैदेही : आवडेल. तीच तर पंचाईत आहे. आता असं करा, एका वाक्यापुरतं नको, आख्खं प्रकरण करून दाखवा. आणि बाप असा चेष्टेनं बोलत असताना पाच मुली त्याला काय म्हणतात, तेही पुढच्या प्रकरणासाठी आत्ताच ठरवून ठेवा.