परतीची गाडी

भिवंडीजवळ काल्हेरच्या एका कंपाउंडात ट्रॉली बॅगांचा घाऊक धंदा करणारे एक शेठ होते. हिशेबाला चोख, बोलायला तुसडे. शेजारच्या गाळ्यात छताच्या पंख्यांचा माल असे. त्या पंखेवाल्यानं एकदा तासाभरासाठी फोर्कलिफ्ट मागितली, तर शेठ म्हणाले, "आज तुम्हाला दिली, तर उद्या साऱ्या कंपाउंडाला द्यावी लागेल." आणि किल्ली दिवाणजींच्या हवाली केली.

काल्हेरला एवढी गोदामं झाली ती जकातीच्या कृपेनं. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई. खाडीच्या अलीकडे, भिवंडीजवळच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल उतरवला की तो खर्च टळे. मुंबईला लागेल तेवढाच माल नाका ओलांडी, नाशिक-गुजरातचा परस्पर निघे. भाताच्या खाचरांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या त्या या हिशेबानं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. काल्हेरचे गाळे आता ओस पडणार, असं बरेच शहाणे तेव्हा छातीठोकपणे सांगत होते.

शेठनीही कागद-पेन्सिल घेतली. जकातच उरली नाही, तर इथलं भाडं, अंजूरफाट्याचा ट्रॅफिक आणि कशेळीच्या पुलावरचा खोळंबा सोसायचा कशाला? दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी बिऱ्हाड हलवलं. आंबाडीच्या पुढे, वाड्याच्या रस्त्याला एकटाच गाळा. भाडं निम्मं, छप्पर उंच, आवारात ट्रेलर सहज वळावा. आजूबाजूला शेतं. दिवाणजींना सगळे नाना म्हणत. ते जागा पाहून एवढंच म्हणाले, "झकास आहे. पण शेठ, इथं अडलं तर हाक कुणाला मारायची?"

पहिल्याच महिन्यात गाड्यांची बिलं फुगली. काल्हेरला नाशिकहून आलेला ट्रक एका गाळ्यात रिकामा होई आणि दोन दारं सोडून तिसऱ्या गाळ्यात भरून परत निघे. ड्रायव्हरला रिकामं जायचं नसतं, त्यामुळे परतीची गाडी स्वस्तात मिळे. आंबाडीला गाडी मुद्दाम बोलवावी लागे आणि ती रिकामी येण्याचंही भाडं लावी. एकदा फोर्कलिफ्टचा हायड्रॉलिक पाइप फुटला. काल्हेरला पाइपवाला स्कूटरवर पिशवी टांगून चहा संपायच्या आत येत असे. इथं तो दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. शेठनी हे सगळं किरकोळ खर्चात टाकलं. किरकोळ खातं हे फार सोयीचं असतं, मालकाला जे बघायचं नसतं ते तिथं मावतं.

मग १० नोव्हेंबरचा शुक्रवार उजाडला. जीएसटी परिषदेची गुवाहाटीला बैठक झाली आणि १७८ प्रकारच्या वस्तूंचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लागू १५ तारखेपासून. यादीत पंखे होते, सूटकेसही होत्या. ३,२०० रुपयांची बॅग आता २,९५० ला विकायची. तुळशीचं लग्न लागून गेलेलं, लग्नसराई तोंडावर, आणि नाशिकच्या दुकानदाराची चार हजार बॅगांची ऑर्डर पडलेली. त्याचा निरोप साफ होता: नवीन भावाचं लेबल लावून द्या, नाहीतर माल तुमच्याकडेच ठेवा.

शेठनी शनिवारी लेबलं छापून घेतली, चांगली ठसठशीत. रविवारी आसपासच्या पाड्यांवरची पोरं धरून ती चिकटवून घेतली. सोमवारी दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "शेठ, जुना भाव झाकलात की! दोन्ही भाव दिसले पाहिजेत, नियम आहे. हा माल मी दुकानात लावू कसा?"

घोडं इथं पेंड खात होतं. हा नियम काल्हेरला जुलैपासून चहावाल्यालाही पाठ होता. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० सालीच लिहून ठेवलंय की एका धंद्याची माणसं एका जागी नांदली की धंद्यातली गुपितं हवेत पसरतात, पोरंसोरंसुद्धा नकळत शिकतात. काल्हेरच्या हवेत धूळ आणि डिझेलच जास्त, पण मार्शलसाहेबांचं म्हणणं तिथंही खरं आहे.

नानांनी शेठना न विचारता काल्हेरच्या मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणाला, "नाना, आज इकडं पाच गाळ्यांत लेबलंच चाललीत. माल इथं असता तर तुमचाही मधे घुसवला असता. लेबलं लावणाऱ्या बायकांना रात्री आंबाडीला नेऊ कसा? माल घेऊन या."

ठेवणार कुठं? जागा होती पंखेवाल्याकडे. शेठनी स्वतः फोन केला. पलीकडून लगेच होकार आला नाही. मग पंखेवाला म्हणाला, "अर्धा गाळा रिकामा आहे, घ्या. पण बॅगांच्या आधी तुमची फोर्कलिफ्ट पाठवा. माझी कालपासून बंद आहे."

सोमवारी रात्री काम सुरू झालं. एक बाई खोका उघडी, दुसरी टॅग बाहेर ओढी. तिसरी हेअर ड्रायरची गरम हवा मारी, म्हणजे चुकीच्या लेबलचा गोंद सुटे आणि खालचा छापील भाव न फाटता मोकळा होई. चौथी नवीन लेबल बरोबर त्याच्या खाली लावी, शेवटची टेप मारी. ही हेअर ड्रायरची युक्ती त्यांनी तीन गाळे पलीकडच्या शॅम्पूवाल्याकडे शिकली होती. लेबलं मध्यरात्री संपली. कोपऱ्यावरच्या छापखान्याचं मशीन चालूच होतं, कारण आणखी चौघांचं काम त्यावर लागलं होतं. फाटलेल्या खोक्यांच्या जागी नवे खोके हातगाडीवरून आले. शेठच्या फोर्कलिफ्टनं आधी पंखे भरले, मग बॅगा. बुधवारी, १५ तारखेला, नाशिकहून आणलेला कांदा उतरवून रिकाम्या झालेल्या दोन गाड्यांत माल रवाना झाला, परतीच्या दरात.

सोमवारच्या त्या रात्री शेठ तिथंच एका पॅलेटवर बसून होते. यातला एकही माणूस त्यांच्या पगारावर नव्हता. हे सगळे महिनाभर आपापल्या कामात असतात, आणि कराचा दर एका रात्रीत उलटापालटा झाला की ज्याचं अडतं त्याच्याकडे वळतात. असा ताफा एकट्यानं पोसायचा म्हटला, तर चार हजार बॅगांच्या नफ्यात त्याचा आठवडाही निघाला नसता.

शेठनी काल्हेरला पुन्हा गाळा घेतला, आधीपेक्षा लहान आणि चौरस फुटाला महाग. आंबाडीची जागा सोडली नाही. सावकाश हलणारा माल तिथं ठेवला, धावता माल इकडं. हिशेबी माणूस तो, गहिवरून सगळं उलटंपालटं करणारा नव्हे.

गाळ्यांच्या शेजाराला एक खोडही आहे, ती शेठना परत आल्यावर दिसली. दारं जवळजवळ असली की पावसात पाणीही सगळ्यांच्या उंबऱ्यात एकदमच शिरतं. कंपाउंडातलं गटार कित्येक वर्षं तुंबलेलं; जो तो आपल्या दारापुढे विटांचा बांध घालून पाणी शेजाऱ्याकडे ढकली. वर्गणीची यादी दरवर्षी फिरे आणि दोन नावांवर थांबे. पुढच्या उन्हाळ्यात यादी निघाली तेव्हा पहिलं नाव शेठचं होतं आणि पैसे रोख होते. पंखेवाल्यानं दुसरं नाव घातलं. मे महिन्यात खोदकाम झालं, आणि जूनच्या पहिल्या सरीआधी पाइप टाकून झाले.