कावळ्याला विचारण्याआधी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपली मराठी भाषा मरणापासून फार जपून चालते. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली', नारळ फोडला तरी तो 'वाढवला'. दुकान रात्री बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. माणसाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. तो गेला, वारला, त्याला देवाज्ञा झाली. लहानपणी तोंडातून काही वेडंवाकडं निघालं की आजी लगेच दटावायची, "शुभ बोल रे! वास्तू तथास्तु म्हणत असते."

या जपण्यात माया आहे, म्हणून मी त्याची थट्टा करणार नाही. पण शब्द टाळता टाळता आपण विषयच टाळायला शिकलो, आणि विषय टाळता टाळता त्याला बांधलेली कितीतरी कामं टाळायला शिकलो. माणूस मरणाकडे कसा पाहतो, यावर तो आपल्या माणसांशी, पैशाशी आणि दिलेल्या शब्दाशी कसा वागतो हे ठरतं. दत्तजयंतीच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, दत्तभक्तांनी तो काढायचा नाही तर कोणी काढायचा?

मी एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची ११ वर्षं माझ्याकडे मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. मृत्यूचा दाखला, पासबुकं, वारसांचे अर्ज, हमीपत्रं, जामीनदारांच्या सह्या अशी चळत घेऊन लोक यायचे. माणूस कसा मेला हे त्या कागदांवरून कळत नाही, पण तो कसा जगला हे बरंचसं कळतं.

एक निवृत्त शिक्षक होते. सज्जन, निर्व्यसनी. गुरुवारचा उपवास कधी मोडला नाही, दरवर्षी जयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राचं पारायण. मी त्यांना तीन-चार वेळा म्हटलं, "सर, ठेवपावत्यांवर काकूंचं नाव लावून टाकू या." ते हसून म्हणायचे, "अहो, एवढी काय घाई? मला पोचवायला निघालात की काय!" ते अचानक गेले. पावत्या सगळ्या एकट्याच्या नावावर. दोन मुलगे माझ्यासमोर दोन खुर्च्यांवर बसायचे आणि एकमेकांकडे न बघता मला विचारायचे, "त्यांनी सही केली का?" 'त्यांनी' म्हणजे सख्ख्या भावाने! रक्कम म्हणाल तर एका स्कूटरच्या किमतीएवढीही नव्हती. पण भांडण रकमेचं नव्हतंच. वडिलांच्या मनात काय होतं, हे कळायला दोघांनाही मार्ग उरला नव्हता, म्हणून प्रत्येकाने आपापल्या सोयीचे वडील उभे केले होते. ते प्रकरण मिटायला दोन वर्षं लागली. तोवर त्या माउलीने औषधासाठी शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेतले.

त्याच काळात आमच्याकडे खातं असलेल्या एक बाई होत्या. खानावळ चालवायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत. दरवर्षी गुरुद्वादशीला, दिवाळीच्या तोंडावर, त्या एक वही काढून बसायच्या. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, कुठली पावती कुणाच्या नावावर, सगळं त्यात. मी एकदा विचारलं, "अक्का, एवढं लिहून कशाला ठेवता?" त्या म्हणाल्या, "साहेब, रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजतोच की आपण. सकाळी कुलूप कोण उघडणार, ते काय आपल्या हातात असतं?" मोठी पातेली, पितळेचं घंगाळ त्यांनी हयातीतच लेकी-सुनांना वाटून टाकलं. "मागनं भांडत घेतील, आत्ता हसत घेतात. तेवढं हसू मला बघाय मिळतं." त्या गेल्यावर पंधराव्या दिवशी सून वही घेऊन माझ्याकडे आली. दाव्याचा फॉर्म मागायच्या आधी तिने विचारलं, "किराणावाल्याचे बाराशे द्यायचे राहिलेत, ते आधी कसे काढता येतील?"

या दोघांत भाविक कोण, असा प्रश्न मी विचारणार नाही. दोघेही भाविकच. फरक इतकाच, की सरांनी मरण दाराबाहेर ठेवलं होतं आणि अक्कांनी त्याला ओसरीवर बसायला पाट दिला होता. हसतमुख जास्त कोण होतं, हे मात्र मी पाहिलेलं आहे. ज्याचा हिशेब रोजच्या रोज मिटतो, तो माणूस हलका असतो. भीती वाटते ती राहून गेलेल्या गोष्टींची.

आता आपल्या दत्तसंप्रदायाकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते आपल्याला पाठच आहेत. पण दोन गोष्टींकडे आपलं लक्ष कमी जातं. पहिली ही, की हा संवाद श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात तो निजधामाला जाण्याच्या वेळी. म्हणजे हे सगळं बोलणं निरोपाचं आहे. ज्याला निघायचं आहे तो निघण्याबद्दल मोकळेपणाने बोलतो, आणि मागे राहणाऱ्याला कसं जगायचं ते सांगतो. श्रीदत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथमहाराज यांनी टीकेसाठी नेमका हाच स्कंध निवडला.

दुसरी गोष्ट, चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत आपल्या देहालाही गुरू म्हणतो. देह दुर्लभ आहे आणि नाशवंतही आहे, म्हणून तो पडण्याआधी लगबगीने आपलं हित साधून घ्यावं, असा त्याच्या सांगण्याचा भाव. या लगबगीकडे लक्ष द्या. सर विचारत होते, "एवढी काय घाई?" अवधूताचं उत्तर आहे, घाई आहे. आणि ही घाई घाबरलेल्या माणसाची नाही. पंगत बसायच्या आधी पानं मांडून घेणाऱ्या गृहिणीची जशी असते, तशी आहे.

गुरुचरित्रातल्या दोन कथा घ्या. शिरोळची बाई मेलेलं मूल उराशी धरून बसते, दहनाला देत नाही. माहूरची सावित्री आजारी पतीला घेऊन गाणगापूरला येते आणि श्रीगुरूंचं दर्शन होण्याआधीच तो जातो. दोन्ही कथांत शेवटी मेलेलं माणूस उठून बसतं आणि आपण वाचताना गहिवरून जातो. पण क्रम पाहिलात का? शिरोळला आधी ब्रह्मचारी येतो, सावित्रीकडे भस्म-रुद्राक्ष धारण केलेला तपस्वी येतो. दोघेही आधी एकच गोष्ट समजावतात, की जन्माला आलेला जाणारच, देह कुणाचाच राहिलेला नाही. ते ऐकून झाल्यावर मग कृपा. श्रीगुरूंनी आयुष्य दिलं ते मरण समजावून सांगितल्यावर. आपण पारायणात चमत्काराच्या ओवीला डोळे पुसतो आणि त्याआधीचा उपदेश भरभर वाचून टाकतो.

शिरोळच्या त्या कथेच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. त्या बाईची मुलं का जगत नव्हती? पूर्वजन्मी एका ब्राह्मणाकडून घेतलेलं द्रव्य परत करायचं राहिलं होतं. राहिलेलं देणं जन्म ओलांडून पुढे आलं. पूर्वजन्म कुणी मानो न मानो, माझ्या टेबलावर मी हे याच जन्मात पाहिलं आहे. बापाचं न मिटलेलं मुलांच्या मानगुटीवर बसतं, आणि नातवंडं काकाला ओळखत नाहीत.

आता दहाव्याच्या घाटावर या. पिंड ठेवलेला असतो, कावळे फांदीवर बसलेले, आणि शिवत नाहीत. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. "आईला आम्ही अंतर देणार नाही." तरी शिवत नाही. "धाकटीचं लग्न मी करून देईन." तरी नाही. "गावचं घर विकणार नाही." "भावाशी बोलेन." ऊन चढतं, भटजी घड्याळ बघतात, आणि कुणाच्या तरी कुठल्या तरी शब्दावर कावळा झेप घेतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात, म्हणतात, "बघा, यातच जीव अडकला होता."

या प्रथेवर माझा राग नाही. त्या अर्ध्या तासात घरं जेवढं खरं बोलतात, तेवढं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पण प्रत्येक वेळी मनात येतं, की जो प्रश्न आपण कावळ्याला विचारतो, तो त्या माणसाला त्याच्या पलंगाशी बसून का विचारला नाही? "बाबा, तुमचा जीव कशात अडकलाय?" हे चार शब्द दहा दिवस आधी उच्चारले असते, तर उत्तर त्यांच्याच तोंडून मिळालं असतं. कदाचित ज्या भावासाठी जीव अडकला होता, तो भाऊ रात्रीच्या एस.टी.ने आलाही असता.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला मुलांचा. "आई-बाबांशी हे कसं बोलायचं? त्यांना वाटेल, ही वाटच बघतायत." खरं आहे, मुलांच्या तोंडी ते बरं दिसत नाही. म्हणूनच सुरुवात आपण, वडीलधाऱ्यांनी करायची. मुलं "असं काय बोलता!" म्हणतील. म्हणू देत. दुसऱ्यांदा काढा, तिसऱ्यांदा ती ऐकतील.

दुसरा आक्षेप असा, की सतत मरणाचा विचार केला तर जगण्यात राम कसा राहील? हाही खोटा नाही. एका आजारपणानंतर "आता आपलं काय राहिलंय" हा धोशा लावून पुढची दहा वर्षं सबंध घराला सुतकात ठेवणारी माणसं आपण पाहिली आहेत. पण ती मरणाची आठवण नव्हे, ती भीतीच, फक्त वैराग्याचा पंचा गुंडाळलेली. ओळखायची खूण सोपी आहे. आठवण खरी असेल तर माणूस घरच्यांशी मऊ होतो, देण्याला मोकळा होतो, क्षमेला उशीर करत नाही. भीती असेल तर तो कुरकुरतो आणि किल्ल्या कनवटीला घट्ट बांधतो. गाणगापूरचं भस्म आपल्यापैकी बहुतेकांच्या देव्हाऱ्यात आहे. ते कपाळाला लावून चेहरा पाडून बसावं, असं कुणी सांगितलेलं नाही. लावावं, आणि दिवसाच्या कामाला लागावं.

काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर स्पष्ट लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घेतल्या की ते चालतं. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा राहतो. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही करावं. शेवटच्या आजारात नळ्या आणि यंत्रं कुठवर लावायची, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. नेत्रदान करायचं असेल तर घरच्यांना आजच सांगा, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात आणि त्या वेळी फॉर्म शोधायला कुणाला सुचत नाही.

कागदापेक्षा अवघड काम बोलण्याचं. ज्याच्याशी अबोला आहे त्याला फोन. जिने आयुष्यभर पोळ्या लाटल्या तिला एकदा तोंडाने "तुझ्यामुळे निभावलं" असं म्हणणं. हे कुठल्याच मृत्युपत्रात लिहिता येत नाही, आणि कावळ्याकरवी पोचतही नाही.

श्रीनृसिंहसरस्वती स्वामी गाणगापूरहून श्रीशैलाकडे निघाले ते न सांगता निघाले नाहीत. शोक करणाऱ्या भक्तांना त्यांनी समजावलं, आपण गुप्तरूपाने गाणगापुरातच राहू असं आश्वासन दिलं, पुष्पासनावर बसून गेले आणि मागे शिष्यांसाठी प्रसादाची फुलं पाठवली. ते तर साक्षात दत्तावतार, त्यांना निरोप घेण्याची गरज काय होती? पण मागे राहणाऱ्यांना गरज असते, हे त्यांनी जाणलं. आपण साधी माणसं, आपल्याकडून फुलं येणार नाहीत. पण मागे भांडण ठेवायचं की समाधान, एवढं तरी आपल्या हातात आहे.

यंदा पारायणाची सांगता झाली, पालखी झाली, प्रसाद घेऊन घरी आलात, की त्याच रात्री एक वही काढून बसा. पहिल्या पानावर 'श्री' लिहा आणि खाली अक्कांसारखं, कुणाचं काय देणं आहे ते. पैशाचं आधी लिहा, ते सोपं आहे. मग शब्दांचं लिहा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥