रविवार कोणाचा?



काही आठवड्यांपूर्वी रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपल्या धर्मग्रामातील एक तरुण भेटला. वय चोवीस-पंचवीस. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. आईला घरी न्यायला गाडी घेऊन आला होता. मिस्साला मात्र आला नव्हता. बरेच रविवार तो दिसला नव्हता, म्हणून मी जरा रागानेच विचारले, "काय रे, चर्चचा रस्ता विसरलास का?"

तो म्हणाला, "फादर, रविवारी ओव्हरटाइम असतो. एकदा नाही म्हटलं तर चालतं. दोनदा म्हटलं तर ठेकेदार दुसऱ्याला घेतो. आत्ता नाईट करून सरळ इकडे आलोय, दुपारी परत जायचंय."

मी त्याला तिसऱ्या आज्ञेची आठवण करून दिली. प्रभूचा दिवस पवित्र पाळावा, वगैरे. त्याने खाली मान घालून ऐकून घेतले. मग म्हणाला, "त्या पैशांतून आईच्या शुगरच्या गोळ्या येतात आणि गाडीचा हप्ता जातो. गाडी घेतली तीही कामावर वेळेत पोचायलाच." आई मागे बसली. निघता निघता तो एवढेच बोलला, "पोळ्याला बैलालासुद्धा जू लावत नाहीत, फादर."

हे त्याला विचारूनच लिहितो आहे.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी जी आज्ञा त्याला ऐकवली, ती बायबल उघडून पुन्हा वाचली. दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात, निर्गमच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादच्या पाचव्या अध्यायात. पहिल्या ठिकाणी विसाव्याचे कारण दिले आहे ते देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला हे. दुसऱ्या ठिकाणी कारण वेगळे आहे. तुम्ही मिसरात गुलाम होता याची आठवण तिथे करून दिली आहे आणि दास-दासी, बैल, गाढव, दारी राहणारा परका या सर्वांनाही मालकासारखाच विसावा मिळाला पाहिजे असे सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या दावणीला बैल आहेत, ज्याच्या हाताखाली माणसे आहेत, त्याला मुख्यतः ही आज्ञा आहे. मी मात्र ती नेमकी त्या दासालाच ऐकवली होती.

रविवारची सुटी आपल्याला साहेबाने दिली असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात मजुरांना तशी सुटी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला हा माणूस. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार, अशा त्यांच्या मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार मजुरांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंडे यांनी सांगितल्याचे सांगतात. म्हणजे आपण ज्या दिवशी चर्चला येतो तो दिवस मुंबईच्या मजुराला मोकळा मिळाला तो जेजुरीच्या देवाचे नाव घेऊन! मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट पोप लिओ तेरावे यांनी मजुरांच्या प्रश्नावरचे आपले विख्यात परिपत्रक १५ मे १८९१ रोजी काढले आणि त्यात रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला, त्याच्या अकरा महिने आधीच मुंबईत ही गोष्ट घडली होती. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेही या परिपत्रकाची आठवण ठेवून.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची एक सुटी आणि जादा कामाला दुप्पट दर बंधनकारक केला. आताच्या नव्या कामगार संहितेतही दर दुप्पटच आहे. आपल्या या मुलाला तो एकपट मिळतो. विचारणार कोणाला? पगार ठेकेदार देतो, काम कंपनी घेते आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आपल्याच एका व्यापारी बांधवाशी मी हे बोललो. ते म्हणाले, "फादर, त्याला कोणी बांधून नेतं का? तो स्वखुशीनेच जातो." हा प्रश्न साधा नाही. पुण्याला नगर रोडवरच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आम्हाला शिकवले होते. समुद्रात वादळ उठते आणि गलबत वाचवण्यासाठी खलाशी माल पाण्यात फेकतो. तो स्वखुशीने फेकतो की नाइलाजाने? हात त्याचेच, निर्णयही त्याचाच. पण वादळ नसते तर कोणता शहाणा माणूस स्वतःचा माल बुडवील? परीक्षेत मी यावर चांगले चार पाने उत्तर लिहिले होते. त्या मुलाच्या तोंडून ओव्हरटाइमचे ऐकले तेव्हा मात्र मला ते उदाहरण आठवले नाही, आठवली ती आज्ञा.

गाडीचा हप्ता हेही वादळच का, असे कोणी विचारील. थोडे खरे आहे. आपल्या तरुणांनी घेतलेले सगळेच हप्ते गरजेचे नसतात, आणि लग्नाच्या कर्जाबद्दल तर मी पुन्हा केव्हातरी लिहीन. पण रात्रपाळी सुटल्यावर बस नसते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने त्या गाडीला चैन म्हणू नये.

आपल्या जिल्ह्यात याहून अवघड स्थिती ऊसतोडीला जाणाऱ्यांची आहे. पाथर्डी-शेवगावकडून दिवाळीच्या सुमारास जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली असते, आणि ताप आला म्हणून घरी राहिले तरी खाडा धरून मुकादम पैसे कापतो. हंगाम संपेपर्यंत त्यांच्या कॅलेंडरात रविवार नावाचा वारच नसतो.

मालकवर्गातले काही समंजस लोक म्हणतात की विश्रांती द्यावी, कारण ताजा माणूस काम जास्त करतो. हिशेब बरोबर आहे, पण हा बैलाचाही हिशेब नाही. पोळ्याला शेतकरी बैलाला धुतो, खांदे मळतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी चारतो. शिंगे रंगवल्याने नांगरट वाढत नाही. वर्षातला एक दिवस बैलाकडून काहीही मिळवायचे नाही, त्याला नुसते मानायचे, असे शेतकऱ्याने ठरवलेले असते. त्या मुलाला तेच म्हणायचे होते असे मला वाटते. आठवड्यातला एक दिवस आईने त्याच्याकडे मुलगा म्हणून बघावे, मंडळीत तो शेजारी म्हणून बसावा, आणि देवापुढे तर हजेरीपुस्तक नसतेच.

१९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे की घरची खरी गरज असेल तर रविवारी काम करणाऱ्याला दोष लागत नाही. त्याच ठिकाणी असेही आहे की दुसऱ्याचा रविवार आपल्यामुळे विनाकारण बुडू नये. पहिले वाक्य मी त्या मुलाला सांगायला हवे होते. दुसरे वाचून मात्र मी स्वतःच अडखळलो. आपल्या मिशन बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशी गेली कित्येक वर्षे रविवारी सर्वांत जास्त राबतात. मिस्सानंतर पाहुणे येतात, सभा होतात, चहा होतो, जेवणे होतात. मी वेदीवर विसाव्याच्या दिवसाबद्दल बोलत असतो तेव्हा त्या मागे कांदा चिरत असतात. त्यांना आठवड्याची सुटी नाही हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

तेव्हा आता मावशी रविवारी येणार नाहीत. पगार तोच राहील. बंगल्यावर येणाऱ्यांनी चहाची अपेक्षा ठेवू नये, ठेवल्यास कपही धुवावेत. पहिल्या रविवारी मी केलेला भात खाली लागला.

शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारच्या बदली चालते, हे पुष्कळांना माहीत नाही. आपण ती साडेसातला सुरू केली आहे, म्हणजे दिवसपाळी सुटल्यावर पोचता येते. पहिल्या शनिवारी तो मुलगा कामाच्या कपड्यांतच आला, बरोबर आणखी दोघे होते. माझे प्रवचन सुरू झाले आणि थोड्याच वेळात तो मागच्या बाकावर झोपी गेला. शेजारच्या आजी त्याला उठवू लागल्या. मी हाताने खूण करून नको म्हटले, आणि परमप्रसादापर्यंत त्याला झोपू दिले.

— तुमचा फादर