पणाला कोण?

३१ ऑगस्ट २०२३ रोजी अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी कार्यकर्त्यांसह मुंबई गाठली आणि वांद्र्यात सचिन तेंडुलकरच्या घरासमोर निदर्शने केली. मागणी सरळ होती : ऑनलाइन गेमिंगची जाहिरात सोडा, नाहीतर भारतरत्न परत करा. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, गुन्हा नोंदवला. आंदोलनाची ही तऱ्हा बच्चू कडूंना नवी नव्हती, त्यामुळे अनेकांनी तो प्रकार हसण्यावारी नेला. मागणी अतिरेकी होती, हे खरेच. पण तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न होता आणि तो अमरावती जिल्ह्यातून मुंबईला जावा, यातही अर्थ होता. नामवंत खेळाडू पैशाच्या डावाशेजारी उभा राहतो तेव्हा पणाला नेमके काय लागते, आणि ते असते कोणाचे?

तेंडुलकरची बाजू आधी समजून घ्यायला हवी. दारू आणि तंबाखूच्या जाहिराती करायच्या नाहीत, हा वडिलांना दिलेला शब्द त्याने मोठमोठे प्रस्ताव नाकारून पाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये गोव्यातल्या एका कॅसिनोच्या प्रचारासाठी त्याची छायाचित्रे फेरफार करून वापरली गेली, तेव्हा आपण जुगाराची जाहिरात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कधीच केलेली नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्या वेळी तो पेटीएम फर्स्ट गेम्सचा चेहरा होता. म्हणजे त्याच्या लेखी कॅसिनो हा जुगार होता आणि पैसे लावून संघ निवडण्याचा खेळ हा जुगार नव्हता. ही रेघ त्याने स्वतः ओढलेली नाही. ती कायद्याने ओढली आहे आणि ती बरीच जुनी आहे.

महाराष्ट्रात आजही चालतो तो जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याचे तेरावे कलम सांगते की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबवरील छाप्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. वऱ्हाड ज्या नागपूर उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत होते, त्याचे ते एकेकाळी मुख्य न्यायाधीश होते. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे त्यांनी म्हटले. तीन पत्तीला मात्र ही सवलत मिळाली नाही.

त्या निकालाचा हा अर्धा भाग रमीच्या प्रत्येक कंपनीने पाठ केला. दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरला गेला. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लब किंवा जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही त्याच निकालात आहे. अड्ड्याच्या भाषेत या नफ्याला नाल म्हणतात. डाव कोणीही जिंको, नाल सुटत नाही. पुढे रमीच्या कंपन्यांनी हीच नाल ‘सेवा शुल्क’ म्हणून कापली.

याचा परिणाम आपल्याकडे रोज दिसत होता. पोळ्याच्या आसपास वऱ्हाडात गावोगावी पत्ते पिसले जातात. स्थानिक गुन्हे शाखा छापे घालते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते : ५२ ताशपत्ते, थोडी रोकड, चार मोबाईल, दोन मोटारसायकली जप्त. खाली आरोपींची नावे, वये, गावे. त्यांत मजूर असतात, ऑटोवाले असतात, दोन-चार एकरांचे शेतकरी असतात. आणि त्याच पेपरच्या पहिल्या पानावर रमीच्या अ‍ॅपची रंगीत जाहिरात असायची. झाडाखाली तीन पत्ती मांडणारा आरोपी ठरला, मोबाईलवर रमी खेळणारा ग्राहक ठरला आणि त्याला बोलावणारा सन्माननीय राहिला.

पोकरच्या बाबतीत तर न्यायालयांचेच एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगार ठरवला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा खेळ मानला. माझ्या मते दोन्ही न्यायालये चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होती. पोकरमध्ये कौशल्य आहेच. संभाव्यतेचे गणित, समोरच्याचा स्वभाव ओळखणे, हातात काही नसताना चेहरा कोरा ठेवणे, कधी पाने टाकून द्यायची हे कळणे, हे सगळे शिकावे लागते. पण कौशल्य आहे म्हणून तो खेळ नवख्यासाठी सुरक्षित होतो, हा निष्कर्ष उलटा आहे. निव्वळ नशिबाच्या खेळात नवखा आणि मुरलेला यांना संधी सारखीच असते. कौशल्य जितके अधिक, तितका नवख्याचा पराभव अधिक पक्का. पत्त्यांच्या टेबलावर पैसा निर्माण होत नाही. तो फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो आणि जाता जाता नाल कापली जाते. त्यामुळे बहुतेकांनी हरणे ही त्या धंद्याची गरजच असते.

अमरावतीच्या माणसाला यातला फरक कुस्तीवरून चटकन कळावा. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे हनुमान आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली आणि त्यातूनच उभ्या राहिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. या परंपरेत कुस्ती लावायची तर आधी जोड पाहतात. वजन, वय, तयारी जुळत नसेल तर वस्ताद पोराला मातीत उतरू देत नाही. हरलेला मल्लही काही शिकून उठतो. पैशाच्या टेबलाचे सगळे अर्थकारण याच्या नेमके उलट आहे. तिथे बेजोड लढत हवी असते. चोरून चालणाऱ्या क्लबचा मालक खिसा भरलेला, हात कच्चा आणि स्वतःवर जरुरीपेक्षा जास्त विश्वास असलेला गडी शोधत असतो.

नामवंत खेळाडू या वर्णनात तंतोतंत बसतो. अमेरिकेतल्या बेसबॉलचा तेव्हाचा सर्वांत महागडा खेळाडू अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ न्यूयॉर्कच्या बेकायदा पोकर क्लबांत जात असल्याच्या बातम्या २००५ मध्ये आल्या आणि त्याच्या यांकीज संघाने त्याला समज दिली. दहा वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलरचा करार असलेल्या माणसाला तिथे पैसे मिळवायला जाण्याची गरज नव्हती. संघाला भीती वेगळीच होती. अशा जागी खेळाडूवर गुन्हेगारांचे देणे झाले तर वसुली मैदानावरून होते. १९१९ च्या विश्वमालिकेत सट्टेबाजांच्या पैशावर सामने हरल्याचा डाग बेसबॉल अजून विसरलेला नाही. क्रिकेटने २००० साली हॅन्सी क्रोनिए प्रकरणात तेच पाहिले.

तरी असे खेळाडू जातात, कारण मैदानावर कमावलेला धीर टेबलावरही कामी येईल असे त्यांना मनापासून वाटते. आयुष्यभर अटीतटीचे क्षण जिंकलेल्या माणसाला हा भ्रम होणे स्वाभाविक आहे. आपल्या मातीतली एक कथा याबद्दल फार शहाणपणाने बोलते. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. तिचा पती नल अश्वविद्येत अद्वितीय होता, पण भाऊ पुष्कराशी फासे खेळताना त्याने सगळे राज्य घालवले. घोड्यांवरची त्याची हुकमत फाशांवर चालली नाही. पुढे ऋतुपर्ण राजाला अश्वविद्या देऊन त्याच्याकडून त्याने अक्षविद्या घेतली, तेव्हा कुठे तो जिंकला. द्यूतात शिकण्याजोगे काही असते, हे महाभारतकारांना ठाऊक होते. एका क्षेत्रातले प्रभुत्व दुसऱ्या क्षेत्रात आपोआप जात नाही, हेही ठाऊक होते. म्हणूनच वनपर्वात ही गोष्ट सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला सांगितली जाते.

इथपर्यंत नल असो की रॉड्रिगेझ, नुकसान ज्याचे त्याचे. खरी कलाटणी पुढे आहे. चोरट्या क्लबात बसलेला खेळाडू स्वतःचे पैसे हरतो आणि आपण त्याला बदफैली म्हणतो. जाहिरातीत हसणारा खेळाडू काहीच हरत नाही. उलट ठरलेले मानधन घेऊन दुसऱ्याला टेबलावर बसवतो आणि त्याला आपण यशस्वी म्हणतो. पोकरस्टार्स या ऑनलाइन पोकर कंपनीने राफाएल नदाल, ब्राझीलचा रोनाल्डो, ख्रिस्तियानो रोनाल्डो, नेमार अशी माणसे एकामागून एक जोडली. तिच्या भारतीय शाखेने २०२१ मध्ये महेंद्रसिंग धोनीला घेतले. निवड अचूक होती. शेवटच्या षटकात ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, त्याला पोकरच्या जाहिरातीसाठी आणखी कोणता पुरावा हवा? त्या वेळी हे सगळे कायदेशीर होते. पण आपण आपली नीतिकल्पना उलटी टांगली होती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की खेळाडू शीतपेय विकतो, मोटार विकतो, मग हेच का टोचते? कारण शीतपेय विकताना तो आपल्या खेळाला पुरावा म्हणून वापरत नाही. त्या बाटलीने कव्हर ड्राइव्ह येतो असे कोणी समजत नाही. पैशाच्या खेळात मात्र विकला जाणारा माल नेमका हाच असतो की तुझी समज माझ्यासारखीच आहे. दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. सज्ञान माणसाने आपले पैसे कसे उडवावेत हे इतरांनी का ठरवावे? आक्षेप योग्य आहे. पण स्वातंत्र्याला खरी माहिती लागते आणि या जाहिराती नेमकी तीच झाकत होत्या. आर्थिक जोखमीची सूचना शेवटच्या दोन सेकंदांत भरधाव वाचली जायची आणि खेळाडूचा चेहरा उरलेला सगळा वेळ पडद्यावर असायचा.

वऱ्हाडात या मालाला गिऱ्हाईक का मिळाले, याचे उत्तर केवळ लोभात शोधू नये. पैसे लावणे इथे नवीन नाही. आकड्याचा जुगार मुळात कापसातूनच आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटका रूढ केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळापासून ज्या पिकाच्या भावावर इथले संसार तरले आणि बुडाले, त्याच पिकाच्या भावावर कोणीतरी दूर बसून आकडे लावत होते. पण आकडा लावणाऱ्याला आपण हुशार आहोत असा भ्रम नव्हता. हरला की तो नशिबाला शिव्या देऊन उठायचा.

अ‍ॅपवरच्या पोट्ट्याचे तसे नव्हते. अमरावतीत खोली करून पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करणारी मुले पाहा. त्यांच्याकडे मेहनत आहे, स्मरणशक्ती आहे, क्रिकेटची बारीक जाण आहे आणि या कशालाही बाजारात किंमत नाही. जागा निघत नाहीत, निघाल्या तर परीक्षा लांबते. जितेश शर्मा याच अमरावतीतून भारतीय संघात गेला, पण असा एखादाच जातो. अशा वेळी देशातला सर्वांत आदरणीय खेळाडू येऊन सांगत होता की तुझ्या जाणिवेचे पैसे होतात. हे आमिष पैशाचे कमी आणि मान्यतेचे जास्त होते. आणि त्याचा खरा दंश हरल्यावर कळतो. कौशल्यात कमी पडलो असे वाटणारा मुलगा नशिबाला दोष देत नाही. तो स्वतःला दोष देतो, आणखी सराव हवा म्हणतो आणि उसने पैसे घेऊन पुन्हा बसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आणली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ऑनलाइन संघ निवडण्याचा खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचे नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून गेले आणि सप्टेंबरातला आशिया चषक संघ छातीवर प्रायोजकाविना खेळला. कायदा होण्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर विधिमंडळात मोबाईलवर रमी खेळल्याचा आरोप झाला होता. माणिकराव कोकाटे यांनी तो नाकारला, कृषी खाते गमावले आणि त्यांच्या हाती आले क्रीडा खाते. सरकारने हा विनोद जाणूनबुजून केला नसेल, पण खेळ आणि डाव यांतला फरक आपल्या राज्यकर्त्यांना किती महत्त्वाचा वाटतो हे त्यातून कळले.

कायद्याची दिशा मला योग्य वाटते, कारण त्याने पहिल्यांदाच हरणाऱ्याला सोडून बोलावणाऱ्याला जबाबदार धरले. तरी त्याने सगळे मिटेल असे मानण्यात अर्थ नाही. परदेशातून चालणारी संकेतस्थळे आहेत, शहराबाहेरची फार्महाऊस आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तेंडुलकरचा बनावट व्हिडिओ एका गेमिंग अ‍ॅपसाठी फिरला आणि त्याच्या वतीने पोलिसांत तक्रार द्यावी लागली. त्याच्या परवानगीचीही आता बाजाराला गरज उरलेली नाही, चेहरा पुरतो. म्हणून कायद्याच्या पलीकडे एक साधी कसोटी हवी : डाव फसला तर भरणार कोण? खेळाडू स्वतः भरणार असेल तर तो त्याचा खासगी प्रश्न आहे, त्याच्या संघटनेने फक्त कर्जावर आणि संगतीवर नजर ठेवावी. भरणारा दुसराच कोणी असेल तर तो सार्वजनिक प्रश्न आहे. शिवछत्रपती पुरस्कारापासून भारतरत्नापर्यंत प्रत्येक सन्मान देतानाच ही अट घालायला हवी, नंतर घरासमोर जाऊन ती मागावी लागू नये.

बच्चू कडूंची मागणी चुकली ती इथे. सन्मान परत घेऊन काही साधत नाही, तो झालेल्या खेळासाठी दिलेला असतो आणि तो खेळ खराच होता. परत घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. खेळाडूच्या शब्दाला मैदानाबाहेर जे वजन आहे ते आपण दिलेले आहे आणि ते फक्त त्याच्या खेळापुरतेच आहे, हे अमरावती-अकोल्याच्या घराघरांत मुलांना सांगता आले, तर पुढच्या जाहिरातीची किंमत आपोआप उतरेल.