हजेरीपटावरचा माणूस

नेकचंद सैनी हे चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. फाळणीत पाकिस्तानात राहिलेल्या गावातून आलेले. १९५७च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, नोकरी सांभाळून, एक उद्योग सुरू केला. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, पाडलेल्या गावांचं भंगार सायकलवरून आणायचं आणि त्यातून मूर्ती उभ्या करायच्या. हे अठरा वर्षं चाललं आणि खात्याला पत्ता नव्हता. सरकारी जमिनीवरचं ते बेकायदा बांधकाम, नियमाने पाडायलाच हवं होतं. पण ते उघडकीला आल्यावर प्रशासनाने १९७६ मध्ये मूर्तींची ती बाग लोकांसाठी खुली केली, नेकचंदना त्याच कामाचा पगार सुरू केला आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. वास्तुकलेची पदवी कोणी विचारली नाही. कशाला विचारतील? काम समोर उभं होतं.

आज त्याच सुखन्याच्या पलीकडे, किशनगडच्या बाजूला, चंदीगडचं आयटी पार्क आहे. तिथल्या काय किंवा आपल्या हिंजवडीतल्या काय, भरतीच्या जाहिराती वाचल्या तर वाटतं, नेकचंद पहिल्याच चाळणीत गळाले असते. ‘अमुक तंत्रात किमान पाच वर्षांचा अनुभव’ ही अट तर ठरलेलीच. २०२० मध्ये ‘फास्टएपीआय’ या फ्रेमवर्कचा निर्माता सेबास्तियन रामिरेझ याने जाहीरपणे सांगितलं, की चार वर्षांचा फास्टएपीआयचा अनुभव मागणारी एक जाहिरात त्याने पाहिली. त्याला स्वतःला ते बनवून दीडच वर्ष झालं होतं. म्हणजे कर्ताच अपात्र!

वर्षं मोजणं सोपं असतं, म्हणून आपण ती मोजतो. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. उमेदवाराकडून कामाचा नमुना करून घेणं त्यात वरच्या क्रमांकांत होतं, अनुभवाची वर्षं बरीच खाली. २०२२च्या फेरतपासणीत बरेच आकडे बदलले, पण वर्षांचं स्थान काही सुधारलं नाही. नमुना म्हणजे दीड-दोन तासांचं काम, बरं का. ‘असाइनमेंट’च्या नावाखाली आठवडाभराचं कोडिंग फुकट करून घेणं ही निवड नव्हे, वेठबिगारी आहे.

लहान कारखानदारांचा गैरसमज वेगळाच. त्यांना एक ‘आयटीवाला’ हवा असतो. वेबसाइट त्यानेच करायची, सर्व्हर त्यानेच सांभाळायचा, टॅलीचा बॅकअप त्यानेच घ्यायचा आणि प्रिंटर अडकला तरी हाक त्यालाच. वर्षभरात तो कंटाळून जातो आणि मालक म्हणतो, हल्लीची पोरं टिकत नाहीत.

मोठ्या कंपन्यांना नामवंत हवा असतो. चंदीगडलाही तो मिळाला होता. शहराचे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येत आणि परत जात. शहर उभं राहताना रोज जागेवर असत ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे. ते १९६५पर्यंत राहिले. बांधणाऱ्यांना नकाशा समजावणं, कॉलेज, घरं, कचेऱ्यांच्या खुर्च्या असं सगळं त्यांनी पाहिलं. सॉफ्टवेअरमध्येही रात्री दोनला सर्व्हर बसला की परिषदेत भाषण देणारा सापडत नाही. त्या वेळी फोन उचलणारा कोण, हे बायोडेटात लिहिलेलं नसतं. पूर्वीच्या सहकाऱ्याशी दहा मिनिटं बोललं तर कळतं.

मला मात्र नेकचंदांच्या गोष्टीतली वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. त्यांना बाहेरून शोधून आणावं लागलं नाही. त्या अठरा वर्षांत ते सरकारचाच पगार घेत होते, फक्त भलत्या जागेवर. तुमच्या सपोर्ट डेस्कवर, टेस्टिंगमध्ये, अगदी हिशेबाच्या टेबलावरही असं कोणी बसलेलं असू शकतं. रोजचा अहवाल आपोआप तयार करणारी छोटी प्रणाली त्याने कोणी न सांगता लिहिलेली असते आणि साहेबांना ती ठाऊकही नसते.

म्हणून पुढची जागा भरायची वेळ येईल, तेव्हा जाहिरात देण्याआधी एक दिवस थांबा. आपल्याच माणसांना विचारा, ‘न सांगता तुम्ही काय बनवलंय? दाखवा.’ आणि दाखवणाऱ्याला परवानगी घेतली होती का, हे त्या दिवशी तरी विचारू नका.